कपाटातली अमानत

उस्ताद अल्लादियाखाँ यांचा आवाज आज जगात कोणालाही ऐकता येत नाही. १९४६ साली ते मुंबईत वारले. ग्रामोफोन कंपनीचे लोक हिंदुस्तानात येऊन कलकत्त्यात गौहर जानचे गाणे उतरवून गेले ते १९०२ साली. म्हणजे यंत्र आल्यानंतर खाँसाहेब चव्वेचाळीस वर्षे हयात होते. त्यातला मोठा काळ ते गात होते, शिकवत होते. छत्रपती शाहू महाराजांच्या कोल्हापूर दरबारचे ते गवई. जयपूर-अत्रौली घराणे म्हणून आज जे ओळखले जाते ते त्यांनी घडवले. आणि या माणसाची एकही तबकडी नाही.

मी हे आठवीच्या वर्गात सांगितले तेव्हा एका मुलाने विचारले, "सर, मग ते मोठे होते हे आपल्याला कसं कळलं?" प्रश्न बरोबर आहे. कळले ते ऐकणाऱ्यांमुळे आणि शिकणाऱ्यांमुळे. केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर त्यांच्या शिष्या. मंजीखाँ आणि भुर्जीखाँ हे त्यांचे मुलगे, आणि या दोघांकडे मल्लिकार्जुन मन्सूर शिकले. ही परंपरा आजही गाते आहे. तेव्हा ध्वनिमुद्रण नसेल तर सगळेच बुडते असे मी म्हणणार नाही. विद्या गळ्यातून गळ्यात गेली. पण गुरूने नेमके काय केले होते आणि शिष्याने त्यात स्वतःचे काय घातले, हे आता कोणालाच तपासता येत नाही. "खाँसाहेब असेच गात" असे कोणीही म्हणावे आणि आपण मान डोलवावी, एवढेच उरते.

आजचा विषय हा आहे: घरातल्या खासगी मैफली, त्यांच्या टेपा, आणि त्या टेपांशी तुमचा-माझा म्हणजे मराठी मुसलमानांचा संबंध काय.

आधी घरातली मैफल इतकी महत्त्वाची का, ते सांगतो. जुनी दहा इंची तबकडी सुमारे तीन मिनिटे वाजायची. तीन मिनिटांत ख्याल कसा मांडणार? गवई बंदिश म्हणायचे, दोन-चार ताना घ्यायचे आणि संपवायचे. पुढे लाँग प्ले आली तरी एका बाजूला वीसेक मिनिटेच. रेडिओवर घड्याळ समोर. जाहीर जलशात हजार माणसे, त्यांत निम्मी पहिल्यांदा आलेली. घरातल्या बैठकीत मात्र समोर तीस-चाळीस जाणकार, मागे दोन तंबोरे, आणि उठायची घाई कोणालाच नाही. तिथे गवई एकच राग तासभर गायचा. जयपूरवाल्यांचे संपूर्ण मालकंस, बसंती केदार, खोकर असे अनवट राग मोकळेपणाने ऐकायला मिळायचे ते बहुतेक अशाच ठिकाणी. कोणी "पुन्हा एकदा" म्हटले तर तीच जागा वेगळ्या अंगाने यायची. गवई मधे थांबून सांगायचा की ही चीज कोणाकडून मिळाली. त्या दोन वाक्यांत कधी कधी अख्ख्या घराण्याचा इतिहास असतो.

स्वातंत्र्यानंतरच्या काळात हौशी रसिकांच्या घरी स्पूलचे टेपरेकॉर्डर आले. सात इंची स्पूलवर बाराशे फूट फीत असे. सेकंदाला पावणेचार इंच या गतीने लावली तर एका बाजूला तासाहून थोडे जास्त गाणे बसायचे. गाणे पहिल्यांदाच त्याच्या मूळ लांबीत पकडता येऊ लागले. १९६३ साली फिलिप्सची कॅसेट आली आणि पुढे ती मध्यमवर्गाच्या खिशाला परवडू लागली. अमीरखाँ, बडे गुलाम अलीखाँ, मल्लिकार्जुन मन्सूर, कुमार गंधर्व यांचे कंपन्यांनी जेवढे काढले त्यापेक्षा कितीतरी जास्त गाणे अशा घरगुती टेपांवर आहे. वकील, डॉक्टर, कापडाचे व्यापारी, शाळामास्तर यांनी ते जपले. आपण त्यांचे उपकार मानले पाहिजेत.

पण ही टेप बहुतेक वेळा गवयाच्या मर्जीने झालेली नसते, हे विसरून चालणार नाही. केसरबाईंचेच घ्या. त्यांनी काही तबकड्या दिल्या आणि नंतर ध्वनिमुद्रणाला ठाम नकार दिला. त्या गात असताना कोणी यंत्र लपवून ठेवले आहे असे दिसले तर त्या गाणे थांबवत, अशा गोष्टी संगीतवाल्यांत आजही सांगितल्या जातात. आणि नियतीचा खेळ पाहा. १९७७ साली अमेरिकेने व्हॉयेजर नावाची दोन याने अवकाशात सोडली, त्यांवरच्या सोन्याच्या तबकडीत हिंदुस्तानी संगीत म्हणून घेतली ती केसरबाईंची भैरवी, साडेतीन मिनिटांची. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये बाई गेल्या. २०१२ साली त्यातले एक यान सूर्याच्या प्रभावाचे क्षेत्र ओलांडून ताऱ्यांमधल्या पोकळीत शिरले. गोव्यातल्या केरी गावच्या मुलीने एका मुसलमान उस्तादाकडून घेतलेली तालीम तिथवर पोचली. इथे खाली मात्र घरगुती मैफलींच्या टेपा कपाटांत पडून आहेत, आणि कोणाकडे काय आहे याची नीट यादीसुद्धा नाही.

गवई विद्या का लपवत होते? आपल्याकडे याचे एक सोपे उत्तर प्रचलित आहे. खाँसाहेब लोक अडाणी, संशयी, हातचे राखून शिकवणारे. आणि पंडितांनी ती विद्या त्यांच्याकडून काढून पुस्तकात आणली. भातखंडे यांनी क्रमिक पुस्तक मालिकेत शेकडो बंदिशी छापल्या, हे फार मोठे काम झाले आणि त्याबद्दल मला आदरच आहे. पण त्या बंदिशी कोणाच्या होत्या? जयपूरचे मोहम्मद अलीखाँ आणि त्यांचे मुलगे यांनी भातखंड्यांना शेकडो चिजा दिल्या. देणारा नसता तर छापणार काय होते? आणि लपवण्याचे म्हणाल तर केसरबाई काही मुसलमान नव्हत्या, तरी त्यांनी विद्या कोणत्याही खाँसाहेबांपेक्षा कमी राखली नाही. ही गोष्ट धर्माची नाही, पेशाची आहे. ज्याच्या घरी जमीन नाही, दुकान नाही, पेन्शन नाही, त्याच्यासाठी दोनशे बंदिशी हीच जमीन असते. राजा गेला, दरबार गेला, तेव्हा मुलांना देण्यासारखे तेवढेच उरले. ते एका तबकडीच्या किमतीत कंपनीला देऊन टाकायचे? मी त्या जागी असतो तर मीही दहादा विचार केला असता.

उलट उदाहरणही त्याच काळात आहे. उस्ताद अब्दुल करीमखाँ जन्माने कैरानाचे, पण आयुष्य घालवले आपल्याकडे. १९१३ साली त्यांनी पुण्यात आर्य संगीत विद्यालय काढले. १९०५ च्या सुमारास आणि पुन्हा १९३४ नंतर त्यांनी तबकड्या दिल्या. १९३७ साली दक्षिणेत प्रवास करताना एका रेल्वे स्टेशनवर त्यांनी प्राण सोडला आणि त्यांना मिरजेत आणून ख्वाजा शमना मीरा यांच्या दर्ग्याच्या आवारात दफन केले. आजही तिथल्या उरुसात गवई येऊन हजेरी लावतात. सवाई गंधर्व त्यांचे शागीर्द आणि भीमसेन जोशी सवाई गंधर्वांचे. करीमखाँचा आवाज आज आपण दोन मिनिटांत मोबाईलवर ऐकू शकतो. दोघे एकाच काळातले, दोघांनीही महाराष्ट्रात घर केले. एकाचा आवाज आहे आणि एकाचा नाही. पुढच्या पिढीला यातले कोणते बरे, हे वेगळे सांगायला नको.

आता आपल्या घरात येतो. हा लेख वाचणाऱ्या काही भावांना वाटेल की सर, हे आपले कुठे? ही तर उत्तरेकडच्या उस्तादांची आणि पुण्याच्या ब्राह्मण श्रोत्यांची गोष्ट. दुसरे काही म्हणतील, गाणेबजावणे दीनमध्ये बसत नाही, त्याची आठवण कशाला ठेवायची?

दुसऱ्या आक्षेपाबद्दल मी एवढेच म्हणेन. मी आलिम नाही, शिक्षक आहे. संगीताबद्दल आपल्या बुजुर्गांत जुना मतभेद आहे आणि तो मी सोडवणार नाही. ज्याला ऐकायचे नाही त्याने ऐकू नये. पण आपल्या माणसांनी काय केले ते माहीत असणे आणि ते स्वतः करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. इतिहास नको म्हटल्याने नाहीसा होत नाही, तो फक्त दुसऱ्याच्या हातात जातो आणि मग तो सांगेल तसा आपल्याला ऐकावा लागतो.

पहिल्या आक्षेपाला मात्र मी सरळ नाही म्हणतो. अल्लादियाखाँ कोल्हापुरात वाढले नसतील, पण तिथे रुजले. ज्या शाहू महाराजांनी त्यांना ठेवले त्यांनीच १९०६ साली कोल्हापुरात मुसलमान मुलांसाठी बोर्डिंगची सोय केली. रहिमतखाँ ग्वाल्हेरच्या हद्दूखाँचे चिरंजीव, त्यांना आसरा दिला सर्कसवाल्या विष्णुपंत छत्र्यांनी. १९२२ साली ते वारले ते कुरुंदवाडला. मिरजेत शिकलगार घराण्यातले फरीदसाहेब तलवारी-भाल्यांना धार देण्याच्या पिढीजात कामातून तंबोरे आणि सतारी घडवण्याकडे वळले. त्यांच्या पुढच्या पिढ्या तेच करत आल्या, आणि २०२४ साली मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. देशभरच्या मैफलींत गवयाच्या मागे जो सूर भरून राहतो, त्यातला फार मोठा वाटा मिरजेतल्या मुसलमान कारागिरांच्या हातचा आहे. बाल गंधर्वांच्या नाटक मंडळीत तबल्यावर अहमदजान थिरकवाँ बसत, सारंगीवर कादरबक्ष. मराठी माणसाच्या कानाला गोड म्हणजे काय ते ज्यांनी शिकवले, त्यांत ही नावे आहेत. हे आपले नाही तर कोणाचे?

आणि इथेच त्या घरगुती टेपांबद्दल माझी पहिली तक्रार आहे. कॅसेटच्या पुठ्ठ्यावर गवयाचे नाव असते, रागाचे असते, कधी तारीख असते. तबला कोणाचा, सारंगी कोणाची, ते नसते. सारंगीवाले आणि तबलजी यांच्यात मुसलमान किती होते हे सर्वांना माहीत आहे. म्हणजे लेबलवर नाव न लिहिल्याने सर्वात जास्त नावे गळतात ती आपलीच. कोणी मुद्दाम केले असे मी म्हणत नाही. त्या काळी साथीदाराला मागे बसवायची पद्धत होती, तीच पुठ्ठ्यावर उतरली. पण आज ती टेप संगणकावर चढवताना "साथीदार अज्ञात" असे लिहून पुढे जाणे हा आळस आहे. ज्या घरात मैफल झाली तिथल्या ऐंशी वर्षांच्या आजींना विचारा. जेवायला कोण बसले होते हे त्यांना आठवते.

दुसरी तक्रार साठेबाजीची. काही संग्राहक आपल्याकडची टेप ऐकू देतात पण उतरवू देत नाहीत. "माझ्याकडे आहे" यातच त्यांचा मोठेपणा. खाँसाहेब राखत होते तर त्यामागे पोट होते. यांच्यामागे काय आहे? विद्या ज्याने दिली त्याला राखण्याचा हक्क होता. ज्याच्या घरी ती योगायोगाने फितीवर उतरली त्याला तो मिळत नाही.

तिसरी तक्रार याच्या उलट बाजूची. कोणीतरी टेप मिळवतो, मधले बोलणे कापून टाकतो, मूळ घराचे नाव पुसतो, स्वतःच्या चॅनेलचा शिक्का मारून इंटरनेटवर टाकतो. ऐकणाऱ्याला गाणे मिळते हे खरे. पण कुठली मैफल, कोणत्या साली, कोणी जपली, कोणाची परवानगी, सगळे गेले. दस्तऐवज होता, त्याची नुसती करमणूक झाली.

आपल्याकडे एक शब्द आहे, अमानत. दुसऱ्याची वस्तू आपल्याकडे विश्वासाने राहिली तर ती वापरायची नाही, विकायची नाही, खराब होऊ द्यायची नाही, आणि हकदाराला परत करायची. घरातल्या मैफलीची टेप ही माझ्या मते अमानत आहे. तिचे हकदार तीन. पहिला गाणारा आणि त्याचे वारस. दुसरे त्याच्या घराण्यात शिकणारे. तिसरे आपण सगळे. क्रमही हाच. गवई हयात असेल आणि नको म्हणत असेल तर विषय संपला. गेला असेल तर वारसांना आणि शागीर्दांना विचारावे, आणि ती बाजारात न विकता अभ्यासाला खुली करावी. आपला कॉपीराइटचा कायदाही याच्या फार दूर नाही. सादरकर्त्याचा हक्क त्यात पन्नास वर्षांचा आहे, आणि स्वतःच्या खासगी वापरासाठी किंवा प्रामाणिक शिक्षण-संशोधनासाठी केलेल्या ध्वनिमुद्रणाला तो आडवा येत नाही. पण मुदत संपली म्हणून अदब संपत नाही. पन्नास वर्षांनीही वारसाच्या दारात जाऊन "आपल्या आजोबांचे गाणे आहे, ठेवू का?" असे विचारायला काय जाते?

केसरबाईंसारख्यांनी नकार दिला होता, तरी चोरून झालेली टेप हाती आली, तर काय? यावर मी बराच विचार केला. ती नष्ट करावी असे मला वाटत नाही, आणि ती गल्लोगल्ली वाजवावी असेही नाही. ती संग्रहालयात नीट ठेवावी, कशी झाली हे स्पष्ट लिहावे, आणि घराण्याच्या विद्यार्थ्यांना ऐकू द्यावी. बाईंनी नकार दिला तो बाजाराला. शिकणाऱ्याच्या कानाला दिला होता, असे समजायला आधार दिसत नाही.

ठेवायला जागा नाही असेही नाही. मुंबईत एनसीपीएचा संग्रह आहे. १९८२ साली सुरू झालेले अमेरिकन इन्स्टिट्यूट ऑफ इंडियन स्टडीजचे ध्वनिसंग्रहालय आता गुरुग्राममध्ये आहे. कलकत्त्यात जादवपूर विद्यापीठाने खासगी संग्राहकांकडून ध्वनिमुद्रणे घेऊन मोठा संग्रह उभा केला आहे. मुंबईत १९९० साली तबकडी संग्राहकांची संस्था निघाली. या सगळ्यांत जे नाही ते आपल्यासारख्या छोट्या गावांतल्या घरांत आहे.

आमचे नामपूर मोसम नदीकाठचे बाजाराचे गाव. कांदा, डाळिंब आणि अहिराणी बोली ही इथली ओळख. इथे ख्यालाच्या बैठकी झाल्या असा माझा दावा नाही. पण मालेगाव जवळ आहे. तिथल्या मुशायऱ्यांच्या कॅसेटा एके काळी इथल्या घराघरांत होत्या. लग्नातल्या हळदीच्या रात्री बायका ढोलकीवर जी गाणी म्हणत, उरुसात जी कव्वाली होई, मिलादमध्ये घरातले बुजुर्ग ज्या चालीवर नात पढत, ते काही घरांनी टेप करून ठेवले होते. मागच्या पावसाळ्यानंतर एका ओळखीच्या घरी पत्र्याची पेटी उघडली. वीसेक कॅसेटा होत्या, फितीवर पांढरी बुरशी, लेबलची शाई उतरलेली. एका कॅसेटवर पेन्सिलने फक्त "नानीची" एवढे वाचता येत होते. नानी जाऊन बरीच वर्षे झाली. घरातल्या सुनेने विचारले, "सर, भंगारवाल्याला देऊ का?" अल्लादियाखाँचे झाले ते आणि नानीचे होणार होते ते, यात मला मापाचा फरक दिसतो, जातीचा नाही.

म्हणून काही साध्या गोष्टी सांगतो. बुरशी आलेली फीत लगेच वाजवू नका, यंत्रही खराब होते आणि फीतही. कोरड्या जागी उभी ठेवा, लोहचुंबक आणि स्पीकरपासून लांब. कॅसेटच्या मागच्या कडेचे दोन चिमुकले प्लास्टिकचे तुकडे तोडा, म्हणजे तिच्यावर चुकून दुसरे काही टेप होणार नाही. जाणकाराकडून संगणकावर उतरवताना एमपी३ वर भागवू नका. आधी पूर्ण दर्जाची वेव्ह फाईल ठेवा आणि तिची प्रत दोन वेगळ्या ठिकाणी ठेवा. यंत्राची गती चुकली तर सूर वर-खाली होतो, म्हणून गाणारी व्यक्ती कोणत्या पट्टीत गात असे ते ठाऊक असलेल्याला विचारा. मधले बोलणे, खोकला, "चहा आणा" हे कापू नका. त्यावरूनच पुढे घर ओळखू येते. आणि सोबत कागदावर लिहा: कोण गाते, साथीला कोण, कोणाच्या घरी, कोणत्या साली, कोणी टेप केले, कोणाकडून मिळाले. उर्दूत लिहा, मराठीत लिहा, जमले तर दोन्हीत लिहा. उर्दू वाचणारी मुले आपल्या घरांत कमी होत चालली आहेत, त्यामुळे नुसत्या उर्दू लेबलवर विसंबू नका.

आमच्या शाळेतल्या मुलांना मी या सुट्टीत एवढेच काम दिले आहे. घरातल्या सर्वात म्हाताऱ्या माणसाला एक गाणे, एक नात किंवा एक ओवी म्हणायला सांगायचे, मोबाईलवर उतरवायचे, आणि वहीत नाव, गाव, तारीख लिहायची. म्हणायला तयार नसतील तर आग्रह करायचा नाही. उतरवण्याआधी विचारायचे. हा शेवटचा नियम मुलांना सर्वात अवघड वाटतो, कारण आता मोबाईल विचारून कोणीच काढत नाही. पण मैफलीची अदब तिथूनच सुरू होते.

तुमच्या घरी अशी एखादी पेटी असेल तर ईदच्या साफसफाईत ती बाहेर काढा. आत काय आहे ते कळेपर्यंत भंगारवाल्याला थांबवा.